ढोलीत बसलेले दौलतराव

एका जंगलात एक जुना बेहडा होता. जंगलाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या मंडळींना सत्काराची फार हौस आहे; गेलात तर तुमचाही करतील, आणि बाळांनो, तुम्हाला अजून शाळा आहे.

त्या बेहड्याला उंचावर एक ढोली होती. ढोलीत धनेश पक्ष्याचे एक जोडपे दरवर्षी घर करी. नवऱ्याचे नाव दौलतराव, बायकोचे सगुणा.

धनेश तुम्ही पाहिला नसेल. तो मोठा पक्षी असतो. चोच केवढी तरी, आणि चोचीवर पुन्हा एक शिंगासारखा उंचवटा, म्हणजे टोपीवर टोपी. धनेशांच्या घरात एक जुनी रीत आहे. अंडे घालायची वेळ आली की बायको ढोलीत जाऊन बसते. मग ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून बंद करतात. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवतात. पिल्लू मोठे होईपर्यंत बायको आत आणि नवरा बाहेर. नवऱ्याने उंबरे आणायची आणि फटीतून द्यायची. बायकोने अंडे उबवायचे, ते फिरवायचे, ढोली झाडायची, घाण फटीतून बाहेर टाकायची, भिंतीला तडा गेला तर आतून बुजवायचा.

सगळे जंगल म्हणे, "नवरा असावा तर धनेशासारखा. बायकोला बसल्या जागी खायला घालतो!"

बसल्या जागी म्हणजे कुठल्या जागी, हे विचारायची जंगलात पद्धत नव्हती.

एका वर्षी थंडी सरत आली तेव्हा सगुणा म्हणाली, "अहो, यंदा मी आत बसणार नाही."

दौलतराव चोच घासत होते. ते थांबले. "का गं, बरं नाही का?"

"बरं आहे. म्हणून तर बाहेर राहायचंय."

"बाहेर राहून काय करणार?"

"पळस बघणार," सगुणा म्हणाली. "मी आत जाते तेव्हा झाडं उघडी असतात. बाहेर येते तेव्हा पाऊस डोक्यावर आलेला असतो. मधलं सगळं तुम्ही बघता. मला फटीतून समोरच्या सागाची एक फांदी दिसते. तिला एक गाठ आहे. ती गाठ मला आता पाठ झालीय."

"पण अंडं?"

"अंडं मी घालीन. तेवढं तुम्हाला जमणार नाही. पुढचं तुम्ही करा. उंबरं मी आणते."

दौलतराव मोठ्या पंचाइतीत पडले. नुकतेच ते जंगल सुधारणा मंडळाच्या सभेत 'संसार दोघांचा' या विषयावर बोलले होते. भाषण फार रंगले होते. आता नाही म्हणावे, तर स्वतःचेच भाषण आडवे येत होते.

"तत्त्व म्हणून मला मान्यच आहे," ते म्हणाले. "पण आईला काय वाटेल?"

दौलतरावांच्या मातोश्रींना सारे जंगल थोरल्या बाई म्हणे. त्यांना जे वाटायचे ते वाटले, आणि ते त्यांनी शेजारच्या तीन झाडांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले.

"पोराला भिंतीत चिणलं गं हिने! आमच्या वेळी आम्ही आत बसलो, सगळी पिसं झडून गेली, पण हूं का चूं केलं नाही. हिला फुलं बघायचीत!"

सगुणाने अंडे घातले आणि ती बाहेर आली. दौलतराव आत गेले. भिंत लिंपली गेली.

सगुणा आत असे तेव्हा ढोलीतून आवाज येत नसे. दौलतराव आत गेले आणि ढोली बोलू लागली. खालून कोणी गेले की फटीतून चोच बाहेर येई.

"कोण चाललंय? मी दौलतराव. आत बसलोय बरं का! अंड्यावर!"

बातमी पसरली. पुरुष अंड्यावर बसला आहे हे बघायला रोज गर्दी होऊ लागली. कोणी रिकाम्या हाताने येईना. वानरांनी फणसाचे गरे आणले. अस्वलाने मधाच्या पोळ्याचा तुकडा दिला. एक म्हातारी लांडोर डोळे पुसत म्हणाली, "बिचारा. पुरुषाची जात असून किती सोसतो."

सगुणा इतकी वर्षे आत बसली होती. तेव्हा तिच्या फटीपाशी कोणी एक करवंदही ठेवले नव्हते.

ती आपली उंबरे घेऊन येई.

"हे जरा तुरट आहे," आतून दौलतराव म्हणत.

"उंबर आहे ते."

"आणि आत वास येतोय गं."

"घाण बाहेर टाका की."

"कशी?"

"चोचीत धरायची आणि फटीतून टाकायची. मी काय करत होते इतकी वर्षं?"

"खाली लोक उभे असतात. त्यांच्यादेखत मी घाण टाकू?"

"मग लोक गेल्यावर टाका."

"लोक जात नाहीत," दौलतराव म्हणाले. आवाजात तक्रार होती, पण फार नव्हती.

शेवटी सगुणाच फटीतून चोच घालून जमेल तेवढी ढोली साफ करी, मग उंबरे शोधायला जाई. पण जाता जाता ती टेकडीवरून जाई. टेकडीवर पळस फुलला होता. एकही पान नाही, नुसती फुलेच फुले. पहिल्या दिवशी ती इतका वेळ बघत बसली की चोचीतली उंबरे कधी गिळली ते तिचे तिलाच कळले नाही. तिला पुन्हा उंबराच्या झाडावर जावे लागले. त्याचेही तिला काही वाटले नाही.

पळसामागून पांगारा फुलला. बहावा अजून यायचा होता. सगुणाने ठरवले की बहावाही बघायचा.

मंडळाचे चिटणीस होते शेकरूभाऊ. झुबकेदार शेपटीची ही तांबूस खार एका झाडावर कधी ठरत नसे. ज्या कामाला स्वतः कधी हात लावला नाही, त्या कामाचा गौरव करण्यात शेकरूभाऊंचा हातखंडा होता. एक दिवस ते उड्या मारत बेहड्यावर आले.

"वहिनी, अभिनंदन! मंडळाने ठरवलंय. दौलतरावांचा जाहीर सत्कार! 'गृहकृत्यदक्ष पती' ही पदवी, शाल, श्रीफळ आणि मानपत्र."

"करा की," सगुणा म्हणाली. "इथेच करा, फटीपाशी."

"फटीपाशी? वहिनी, शाल खांद्यावर घालतात. फटीतून खांदा कसा यायचा?"

"मग पिल्लू बाहेर आल्यावर करा."

"पलीकडच्या जंगलातले गवेसाहेब अध्यक्ष म्हणून येतायत. त्यांची तारीख मिळालीय. अशी तारीख पुन्हा मिळत नाही. अंड्याला काय एवढी घाई आहे?"

"अंड्याला घाई नसते. ऊब लागते."

"तेवढा एक दुपारचा तर प्रश्न आहे," शेकरूभाऊ म्हणाले.

खालच्या फांदीवर एक घोरपड ऊन खात पडली होती. तिने मान वर केली.

"भिंत फोडायची असेल तर सांगा हो," ती म्हणाली. "माझी नखं चांगली आहेत. काही घेणार नाही मी. समाजकार्याची आवड आहे. दौलतराव व्यासपीठावर असतील तोवर अंड्याकडेही बघीन."

"याला म्हणतात निःस्वार्थी कार्यकर्ता!" शेकरूभाऊ म्हणाले.

ते गेल्यावर सगुणा फटीला चोच लावून म्हणाली, "अहो, तुम्ही नाही म्हणा."

"मी कसा नाही म्हणू? हा काय माझा एकट्याचा सत्कार आहे? हा एका विचाराचा सत्कार आहे."

"मग विचाराला शाल घालू दे. तुम्ही अंड्यावर बसा."



"बरं, नाही म्हणतो," दौलतराव म्हणाले. "तू जा. आज पिकलेली आण."

सगुणाचा विश्वास बसला. बाळांनो, ती बाहेर राहून थोडी भोळी झाली होती.

ती डोंगराआड गेली आणि वाजंत्री वाजली. घोरपडीने भिंत फोडली. दौलतरावांनी अंग झटकले, पिसे नीट केली आणि अंड्याकडे बघून म्हणाले, "हा आलोच."

वडाखाली कार्यक्रम सुरू झाला. आधी प्रास्ताविक झाले. मग पाहुण्यांचा परिचय झाला. मग ज्यांनी परिचय करून दिला त्यांचा परिचय झाला. थोरल्या बाई पहिल्या रांगेत होत्या. "वळण माझं आहे," असे त्या डावी-उजवीकडे सांगत होत्या. गवेसाहेबांनी शाल घातली. दौलतराव मनोगताला उठले.

त्याच वेळी सगुणा परत आली. तिला दुरूनच ढोलीचे काळे तोंड दिसले. त्यातून एक शेपटी बाहेर लोंबत होती.

सगुणाने चोचीतली उंबरे टाकली आणि शेपटी धरली. घोरपडीने कुठे नखे रोवली की ती सुटत नाही, हे तुम्ही ऐकले असेल. सगुणाने तिला ओढले, चोचीने ठोकले, पंखांनी बडवले. घोरपडीने ढोलीची कड सोडली नाही. शेवटी सगुणा तिच्या अंगावरून तशीच आत घुसली आणि तोंडासमोर चोच उघडून उभी राहिली. धनेशाची चोच जवळून बघितल्यावर घोरपड मागे सरकली.

"एवढं चिडायला काय झालं?" ती म्हणाली. "अंडं गार तर झालं नाही ना, तेवढं बघत होते."

अंडे गार झालेच होते. सगुणा त्याच्यावर बसली. तिचे अंग थरथरत होते. त्या थरथरीनेच अंडे हळूहळू ऊन झाले असावे. वडाखालून दौलतरावांचा भरून आलेला आवाज येत होता.

"मित्रहो, अंड्याची ऊब ही आता मला माझ्याच अंगाची ऊब वाटू लागली आहे."

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडत राहिल्या.

संध्याकाळी दौलतराव शाल पांघरून परत आले. मागे सगळी मंडळी होती. झालेला प्रकार सगळ्यांना कळला. मग थोरल्या बाई म्हणाल्या, "आई बाहेर उंडारायला लागली की असंच व्हायचं."

मंडळींनी माना डोलावल्या. सगळ्यांना हे एकदम पटले. शेकरूभाऊंनी तिथल्या तिथे ठराव मांडला. घोरपडीने प्रसंगावधान राखल्याबद्दल तिचे आभार, आणि मातेच्या गैरहजेरीबद्दल सौम्य नापसंती. ठराव एकमताने मंजूर झाला. सगुणाला मत नव्हते, कारण ती अंड्यावर बसली होती.

"आता तू बसलीच आहेस, तर बस," दौलतराव हळू आवाजात म्हणाले. "गवेसाहेबांनी व्याख्यानाला बोलावलंय. नाही म्हणणं बरं दिसणार नाही."

"विषय काय आहे?"

"'मी आणि माझे अंडे.'"

सगुणाने आतून भिंत लिंपून घेतली. त्या वर्षी दौलतराव पाच जंगले फिरले. दोन व्याख्यानांच्या मध्ये वेळ मिळाला तर उंबरे आणत. नाही मिळाला तर गळ्यातला हार फटीतून देत. सगुणाने तेही खाल्ले. झेंडूने पोट भरत नाही, पण उपाशी असल्यासारखेही वाटत नाही.

बहावा कधी फुलला आणि कधी झडला ते तिला कळले नाही.

पिल्लू झाले. किरकोळ होते, पण जगले. मंडळाने त्याला व्यासपीठावर नेऊन दाखवले. खाली पाटी होती : 'वडिलांनी वाढवलेले पिल्लू.' सगुणा तेव्हा झाडावरच होती. तिची पिसे अजून पुरती आली नव्हती, आणि उडता येत नसले की समारंभाला जाता येत नाही.

वर्ष सरले. पुन्हा थंडी ओसरायला लागली. दौलतरावांना वाटले, आता बायको काहीतरी बोलणार. पण सगुणा गोड आवाजात म्हणाली, "अहो, यंदाही तुम्हीच बसायचं ना?"

दौलतरावांचा चेहरा खुलला. "बसतो की! लोकांच्या अपेक्षा आहेत. मंडळाला कळवायला हवं."

"मी कळवते. तुम्ही निश्चिंत बसा."

सगुणाने अंडे घातले. दौलतराव भांग पाडून आत गेले. भिंत या वेळी सगुणाने बाहेरून लिंपली. चिखलात उंबराचा चिकट गर कालवला, थरावर थर दिले, मधे काटक्या घातल्या. फट ठेवली, पण त्यातून एक उंबर जाईल आणि भाषण येणार नाही एवढीच. फटीवर गुळवेलीचा पडदा सोडला.

मग ती जंगलात गेली आणि भेटेल त्याला सांगत सुटली, "आमच्या ढोलीत यंदा आग्या मोहोळ बसलंय हो. कोणी फिरकू नका." ते ऐकून कोणी फिरकले नाही. घोरपडीनेही त्या बाजूचे ऊन खाणे सोडले. दौलतराव आतून हाका मारत. जाड भिंतीतून त्या हाका लांबवर गुणगुणल्यासारख्याच ऐकू येत.

"दौलतराव कुठे दिसत नाहीत?" शेकरूभाऊंनी विचारले.

"दौऱ्यावर गेलेत. लांबच्या जंगलात. बायकांच्या कष्टांवर व्याख्यानं आहेत."

"वा! काय माणूस आहे!" शेकरूभाऊ म्हणाले. हा वाक्प्रचार जंगलात त्यांनीच रूढ केला होता.

थोरल्या बाईंचाही ऊर भरून आला. "पोरगा समाजासाठी झिजतोय," त्या म्हणाल्या, "आणि सून बघा, खुशाल फुलं बघत हिंडते."

सगुणाने ऐकून घेतले. समोर बहावा पिवळाधमक फुललेला असला की असले बोलणे ऐकायला फारसे जड जात नाही.

ढोलीत सुरुवातीला फार वाईट दिवस गेले.

"मंडळाकडून कोणी आलं का?" दौलतराव रोज विचारत.

"येतील. आधी आतली घाण बाहेर टाका."

"कोणी बघत नाही ना?"

"कोणीही नाही."

"मग टाकून काय उपयोग?"

"वास जाईल."

वास आतच होता आणि दौलतरावही आतच होते. त्यांनी घाण टाकली.

मग ते म्हणाले, "मी चांगली टाकली का?"

"ठीक टाकलीत. कोपऱ्यात राहिलीय थोडी."

इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कोणी 'ठीक' हा शब्द वापरला नव्हता. ते दिवसभर फुगून बसले. पण फुगून बसायलाही अंड्यावरच बसावे लागे, त्यामुळे अंड्याचे काही नुकसान झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपरा साफ केला.

हळूहळू त्यांची पिसे गळू लागली. ती त्यांनी अंड्याखाली पसरली. भिंतीला एक बारीक तडा गेला, तो त्यांनी आतून बुजवला आणि सगुणाला सांगायचे विसरून गेले. मंडळाची चौकशी आधी रोज होई. मग आठवण आली की होई.

एका सकाळी सगुणा उंबरे घेऊन आली. आतून चोच बाहेर आली नाही.

"अहो?"

"श्श," आतून आवाज आला. "हळू बोल. आतून टकटक करतंय."

"कोण?"

"अंडं गं! सकाळपासून ऐकतोय मी. तू आत होतीस तेव्हाही असंच करायचं का?"

"दर वेळी."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही उंबरं देऊन लगेच जायचात."

दौलतराव पुन्हा अंड्याकडे कान देऊन बसले. सगुणाने उंबरे दिली आणि तीही थांबली. दोघे भिंतीच्या दोन बाजूंना चोच टेकवून ऐकत राहिले. फुले त्या दिवशी तिने बघितली नाहीत, आणि कोणी तसे करायला सांगितलेही नव्हते.

पिल्लू झाले. चांगले गुबगुबीत झाले. ते उडण्याजोगे झाल्यावर सगुणाने भिंत फोडली. दौलतराव बाहेर आले ते निम्म्या अंगाने उघडे आणि पार वाळलेले. उजेडात त्यांना डोळे किलकिले करावे लागले.

त्याच फांदीवर शेकरूभाऊ उडी मारून आले.

"अहो दौलतराव! मोहोळ उठलं वाटतं? आणि तुम्ही कधी आलात? काय हाल करून घेतलेत हे! दौरा फार लांबला."

दौलतरावांनी सगुणाकडे पाहिले. सगुणा पिल्लाला पंख कसा उघडायचा ते दाखवत होती. तिने वर पाहिले नाही. काय सांगायचे ते तिने त्यांच्यावर सोडले होते.

दौलतरावांनी बोलायला चोच उघडली. समोर शेकरूभाऊ होते, म्हणजे शाल फार लांब नव्हती. नुसते खरे सांगितले असते तरी संध्याकाळपर्यंत वाजंत्री लागली असती.

"हो," ते म्हणाले. "लांबला खरा."

"गर्दी कशी काय होती?"

"एकच श्रोता होता."

"एकच? मग टाळ्या तरी पडल्या का?"

"नाही."

"अरेरे!" शेकरूभाऊंनी शेपटी खाली टाकली. त्यांना मनापासून वाईट वाटले. "म्हणजे एवढे महिने वायाच गेले म्हणायचे."

दौलतराव खाली वाकले आणि पिल्लाच्या चोचीला लागलेला उंबराचा गर त्यांनी पुसून काढला. कोपऱ्यात थोडा राहिला होता, तोही काढला.

"हो," ते म्हणाले. "तसंच म्हणा."

तात्पर्य : पुरुषाने घरकाम जरूर करावे, पण चोरून करावे. उघडकीस आले तर सत्कार होतो आणि अंडे घोरपडीच्या हवाली होते. बायकांनी मात्र ते खुशाल चारचौघांत, दिवसाढवळ्या करावे. कोणालाही दिसत नाही.